मामा, तोफा पुढे कशा?



गेल्या दिवाळीत आम्ही सगळे इच्छापूरला जमलो होतो. सकाळी इच्छादेवीच्या पायऱ्या चढून आलो, जेवणं झाली आणि माझा भाचा ओसरीवर लॅपटॉप उघडून बसला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मराठा आरमाराचा गेम बनवत होता. "मामा, ही पाल बघ कशी फुगते!" असं तो ओरडला आणि माझी आई आतून झाडू घेऊन धावली. "कुठंय पाल?"

आपल्या भागातली मराठी अशीच. शिडाला हिंदीतलं 'पाल' म्हटलं की घरात पळापळ!

जहाज मात्र देखणं होतं. लाटांवर डुलणारं, भगवं निशाण फडकवणारं, दोन्ही कुशींना दहा-दहा तोफा. फक्त ते मी आधी पाहिलेलं होतं. 'असॅसिन्स क्रीड : ब्लॅक फ्लॅग' (२०१३) तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी खेळला असेल. त्यातलं 'जॅकडॉ' आठवा. त्या गेमची गोष्ट १७१५ ते १७२२ या काळात, कॅरिबियन समुद्रात घडते. नेमक्या त्याच वर्षांत इकडे कोकणात कान्होजी आंग्रे इंग्रजांना दमवत होते. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परतले. म्हणजे काळ तोच, समुद्र वेगळा, आणि भाच्याने जहाज मात्र तिकडचंच उचललं होतं.

"निशाण काढून टाक, मग यात मराठी काय उरतं?" मी विचारलं. त्याला राग आला. साहजिक आहे, दोन महिन्यांची जागरणं होती. "मामा, कोणाला कळणार आहे?"

हा प्रश्न मला लागला. कारण खरंच कोणाला कळणार नव्हतं. आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर शिडाचं जहाज म्हटलं की जे उभं राहतं, ते सिनेमा नाहीतर गेममधलं असतं. उद्या याचा गेम खेळून चौथीतला एखादा पोरगा 'कान्होजींचं जहाज असं होतं' असं मनात धरून बसला, तर ते चित्र पुसायला कोण जाणार?

मग आम्ही दोघांनी शोधाशोध केली. रॉबर्ट ऑर्म नावाच्या इंग्रज इतिहासकाराने त्याच शतकात आपल्या गुराबा आणि गलबतांचं बारकाईने वर्णन करून ठेवलंय. (शत्रूच कधीकधी नीट निरखून पाहतो.) गुराब लांबीच्या मानाने रुंद, पाण्यात फार खोल न बसणारी. बहुतेकींना दोन डोलकाठ्या. तीनवाली मोठी गुराब सुमारे ३०० टनांची, दोनवाली फार तर १५० ची. पुढचं टोक निमुळतं होत लांब बाहेर आलेलं, आणि दोन मोठ्या तोफा त्या टोकावरून समोर मारा करणाऱ्या. कुशींना तोफा होत्या, पण त्या लहान.

"तोफा पुढे कशा?" भाचा चमकला. गंमत इथेच सुरू झाली. तोफा पुढे आल्या की लढण्याची रीतच बदलते. शत्रूला कूस दाखवत शेजारून जायचं नाही, थेट त्याच्यावर नेम धरून जायचं. आणि गलबतं? ती छोटी, फार तर ७० टनांची, एका मोठ्या तिकोनी शिडाची, ४०-५० वल्ह्यांची. वारा पडला की हीच गलबतं गुराबांना दोर लावून ओढत नेत. इंग्रजांचं अवजड जहाज जागीच खोळंबलेलं आणि आपली गुराब वल्ह्यांच्या जोरावर त्याच्या मागे जाऊन उभी! यापेक्षा चांगला डाव कुठला गेम डिझायनर रचणार?

बहुतेक गेममध्ये वारा नावापुरता असतो. कळ दाबली की शिडं उघडतात, वाऱ्याच्या तोंडावरही जहाज धावतं. आता याच्या गेममध्ये वारा पडतो, खाडीत पाणी उथळ होतं, इंग्रज जहाज गाळात रुततं, आणि पावसाळ्याचे महिने गेमच बंद, जहाजं किनाऱ्यावर ओढलेली. मित्रांनी तक्रार केली म्हणे, "फार अवघड झालाय."

एक गोष्ट मात्र अडली. पाण्याखालचा भाग कसा होता? वर्णनात वरचंच दिसतं. त्यावरून मी त्याला अजिंठ्याला नेलं. मुक्ताईनगर, जामनेर, पहूर करत इथून दोन-अडीच तासांची वाट. दोन नंबरच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलंय. पाचव्या शतकातल्या त्या चित्रावरून गोव्यात खरं जहाज बांधलं गेलं, 'कौंडिण्य'. फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीने हाताने शिवलेल्या. चित्रात न दिसणाऱ्या भागाचं काय? त्यांनी आयआयटी मद्रासमध्ये प्रतिकृतीच्या चाचण्या घेतल्या. मे २०२५ मध्ये ते नौदलात दाखल झालं, डिसेंबरअखेर पोरबंदरहून निघालं आणि जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोचलं.

त्या चित्रासमोर भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "यांना तरंगवावं लागलं. माझं तर पत्र्याचा डबा काढला तरी तरंगतं."

परतीच्या वाटेवर तो मागे बसून लिहीत होता. बुऱ्हाणपूरचं कापड बैलांवरून सुरतेला जाऊन तिथून जहाजांत चढायचं, हे मी सांगितलं तेव्हा त्याने वर पाहिलं. "म्हणजे आपल्या गावाचा माल पण गेममध्ये आणता येईल."

प्रोजेक्ट त्याने उशिरा दिला आणि त्याचे गुण कापले गेले. सुरुवातीच्या पडद्यावर आता एक ओळ आहे : गुराबेचा पाण्याखालचा आकार अंदाजाने काढला आहे. आजीला त्याने गेम दाखवला, तर तिने चष्मा सावरत आधी विचारलं, "पाल गेली का रे?"

"शीड म्हण, आजी," तो म्हणाला.