यवतमाळचा पिनकोड मूळ संख्या आहे, हे तपासायचे कसे?

यवतमाळ शहराच्या पत्त्यात रोज लिहिला जाणारा ४४५००१ हा पिनकोड मूळ संख्या आहे. म्हणजे १ आणि ती संख्या स्वतः, एवढे दोनच तिचे विभाजक. टपाल खात्याने हे ठरवून केलेले नाही. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने आखलेली पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, ती पत्रे योग्य गावी लवकर पोहोचावीत म्हणून. तेव्हा हा निव्वळ योगायोग. पण गणिताच्या तासाला तो वापरायला हवा, कारण मूळ संख्या ओळखणे आपण मुलांना अर्धेच शिकवतो.

१ ते १०० मध्ये मूळ संख्या किती, असे शिष्यवृत्तीची तयारी करणाऱ्या मुलाला विचारा. २५ हे उत्तर तोंडावर असते. ९१ मूळ आहे का, विचारले की गडबड होते. २, ३, ५ च्या कसोट्यांतून ती सुटते आणि दिसतेही मूळ संख्येसारखी. तेराचा पाढा सातपर्यंत म्हटला की पकडली जाते. शंभराच्या पुढे तर पाठ केलेली यादीच संपते.

आता जिल्ह्यातले पिनकोड घेऊ. पुसद ४४५२०४, वणी ४४५३०४, पांढरकवडा ४४५३०२. शेवटचा अंक सम, म्हणजे २ ने भाग जातो, विषय संपला. दिग्रसचा ४४५२०३ विषम आहे, पण अंकांची बेरीज १८, म्हणून ९ ने निःशेष भाग जातो. ४४५००१ मात्र हाती लागत नाही. अंकांची बेरीज १४, म्हणून ३ बाद. शेवटी ० किंवा ५ नाही, म्हणून ५ बाद. ७ ने भागल्यास बाकी ४, ११ ने ७. ८९ ने तर अगदी थोडक्यात हुकते: भागाकार ५०००, बाकी १!

असे कुठवर भागत राहायचे? खरा प्रश्न हाच आहे आणि बऱ्याच वर्गांत तो विचारलाच जात नाही. ३६ चे विभाजक जोडीने मांडून बघा: १ व ३६, २ व १८, ३ व १२, ४ व ९, ६ व ६. सहानंतर त्याच जोड्या उलट्या येतात. जोडीतला लहान विभाजक वर्गमुळापेक्षा मोठा असूच शकत नाही. ६६७ चा वर्ग ४४४८८९ आणि ६६८ चा ४४६२२४. म्हणून ४४५००१ साठी ६६७ च्या पुढे जायचे कारण नाही. त्यातही फक्त मूळ संख्यांनीच भागायचे, कारण २ ने भाग गेला नाही तर ४ ने जाणार कुठून? ६६७ पर्यंत मूळ संख्या आहेत १२१. साडेचार लाखांच्या संख्येचा निकाल १२१ भागाकारांत लागतो.

संख्या शेकडो अंकी झाली की ही रीत संगणकालाही पेलत नाही. विभाजक न शोधता संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीने आणि झटपट सांगणारी रीत २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. पण मूळ नाही म्हणून कळले, तरी विभाजक कोणते हे शोधणे अवघडच राहते. ऑनलाइन व्यवहारांत वापरली जाणारी आरएसए ही कुलूपबंदीची पद्धत याच अडचणीवर उभी आहे.

अभ्यासक्रम पुरा करायचा की हे खेळ करत बसायचे, असे शिक्षक विचारतील. एक तास पुरे आहे. गावाचाच पिनकोड द्यावा, कॅल्क्युलेटरही द्यावा, आणि थांबायचे कुठे हे मुलांनाच ठरवू द्यावे. यवतमाळच्या तीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाच्या वाट्याला चार भागाकार येतील. उरलेला एक सरांनी करावा.