फाइल गेली, असं इतक्यात ठरवू नका

मार्चअखेर जवळ आली की सोसायट्यांच्या, पतसंस्थांच्या, शाळांच्या कार्यालयांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘काल तर इथंच होती, आता सर्चमध्ये येतच नाही.’ मग आधीच्या क्लार्कवर संशय, मुलांनी काहीतरी डिलीट केलं असणार असा निष्कर्ष, आणि शेवटी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला फोन. तो येतो, इकडेतिकडे दोन क्लिक करतो आणि म्हणतो, ‘विंडोज नव्यानं टाकू, सगळं सुरळीत होईल.’ माझी विनंती एवढीच आहे की त्याला ‘बरं’ म्हणू नका. सर्चला फाइल न सापडणं आणि फाइल नसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. डिस्क फॉरमॅट केली की मात्र त्या एकच होऊन बसतात.

विंडोजचा सर्च दर वेळी सगळी डिस्क धुंडाळत नाही. त्यानं आधीच एक सूची करून ठेवलेली असते, तिला इंडेक्स म्हणतात. ग्रंथपालानं कपाटाकडे न जाता कार्डांचा खण उघडून ‘नाही’ म्हणावं, तसं ते उत्तर असतं. पुस्तक कपाटात असेलही, त्याचं कार्ड नसेल.

म्हणून पहिली गोष्ट, आणि नेमकी हीच कुणी करत नाही: सर्चचीच परीक्षा घ्या. ‘डॉक्युमेंट्स’मध्ये एक नवी फाइल करा, तिला ‘भोपळासुर’ असं कुठेच नसेल असं नाव द्या, थोडा वेळ थांबा आणि शोधा. सापडली तर सर्च धडधाकट आहे. तुमची फाइल दुसऱ्या जागी आहे किंवा दुसऱ्या नावानं आहे. नाही सापडली तर सूचीत बिघाड आहे. हे कळण्याआधी केलेली प्रत्येक खटपट अंधारातली.

जागेचं आधी बघू. विंडोज १० आणि ११ मध्ये सर्चच्या दोन पद्धती आहेत, ‘क्लासिक’ आणि ‘एन्हान्स्ड’. मुळात क्लासिक चालू असते आणि ती डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक आणि डेस्कटॉप एवढंच सूचीत घेते. आपल्याकडे तर ‘सी ड्राइव्हवर काही ठेवू नका’ असं प्रत्येकाला बजावलेलं असतं, म्हणून सगळं दप्तर डी ड्राइव्हवर. म्हणजे जे हवं तेच सूचीबाहेर! सूचीबाहेरच्या जागी सर्च हळू चालतो आणि सहसा फाइलचं नावच बघतो, आतला मजकूर बघत नाही. उपाय सोपा आहे: कंट्रोल पॅनेलमधल्या ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’मध्ये ‘मॉडिफाय’ दाबून डी ड्राइव्हवरचं ते फोल्डर सूचीत घालायचं. सूची पुरी व्हायला वेळ लागतो, आणि तुम्ही मशीनवर काम करत असाल तर ती मुद्दाम हळू चालते. संध्याकाळी मशीन चालू ठेवून घरी जा.

आणखी काही जागा. एक्सप्लोररमधला शोध तुम्ही ज्या फोल्डरात असाल तिथून खालीच बघतो. ‘२०२२’च्या फोल्डरात बसून २०२३ची फाइल मागितली तर ती येणार नाही. सामायिक मशीनवर आधीच्या क्लार्कचं लॉगिन वेगळं असेल तर त्याच्या डेस्कटॉपवरच्या फाइल तुम्हाला दिसणार नाहीत. रिसायकल बिन सर्चमध्ये येत नाही, तो हातानं उघडून बघावा लागतो. सगळ्यात फसवी जागा म्हणजे मेल. जुन्या आउटलुकमध्ये आलेली जोडफाइल थेट उघडून तिच्यातच दुरुस्त्या करून सेव्ह केलं, तर ती एका लपवलेल्या तात्पुरत्या फोल्डरात जाऊ शकते. अशा वेळी सर्चच्या नादी लागू नका. वर्ड किंवा एक्सेल उघडून ‘ओपन’मधली ‘रिसेंट’ यादी बघा, तिथं नावाखाली पत्ता लिहिलेला असतो. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंच्या नावात बहुधा तारीखच असते, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. विषय टाइप करून काही मिळणार नाही, तारीख टाइप करा.

मजकुराबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. स्कॅन केलेला सातबारा, मोबाइलनं काढलेला पावतीचा फोटो, सह्यांसहित स्कॅन केलेलं इतिवृत्त, यांत मशीनच्या दृष्टीनं एकही अक्षर नसतं; ती चित्रं असतात. पीडीएफ आहे म्हणून आतला शब्द सापडेलच असं नाही. अक्षरावर कर्सर ओढून बघा, शब्द निवडला जात नसेल तर ते चित्र आहे. त्याला ओसीआर करावं लागतं, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करून घ्यावा लागतो. गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडलं की मराठीचंही बऱ्यापैकी होतं, पण आकडे डोळ्यांनी तपासा. झिप केलेल्या गठ्ठ्याच्या आतही सर्च सहसा शिरत नाही, आणि पासवर्ड लावलेल्या फाइलचा मजकूर तर त्याला वाचताच येत नाही.

आता आपल्या मराठीची खास दुखणी. ती विंडोजच्या मदतपानांवर मिळणार नाहीत.

जुन्या कार्यालयांत निम्मं दप्तर कृतीदेव, श्रीलिपी किंवा आयएसएमच्या फॉन्टांत टाइप केलेलं आहे. हे युनिकोड नव्हे. कृतीदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द टाइप केला तर फाइलमध्ये प्रत्यक्षात ई, जे, के, बी, एच अशी पाच रोमन अक्षरं साठवली जातात. त्यांना देवनागरी चेहरा देतो तो फक्त फॉन्ट. तुम्ही आज मोबाइलसारखं युनिकोडमध्ये ‘मराठी’ लिहून शोधलं, तर सर्च प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो, कारण तो शब्द त्या फाइलमध्ये खरोखरच नाही. ओळखायचं कसं? फाइलमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. रोमन गिचमिड आली की समजा. मग वर्डमध्ये त्याच फॉन्टात हवा तो शब्द टाइप करा, कॉपी करा आणि सर्चच्या चौकटीत चिकटवा. दिसेल गिचमिड, पण शोध त्याच गिचमिडीचा घ्यायचा आहे. कृतीदेवला ही युक्ती बऱ्यापैकी लागू पडते. श्रीलिपी आणि आयएसएममध्ये चिन्हांची सरमिसळ जास्त, तिथं ती फसू शकते.

युनिकोडमध्येही सगळं आलबेल नाही. ‘ॲ’ हे सलग अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र देऊन ते लिहीत, आणि काही कीबोर्ड अजूनही तसंच लिहितात. ‘शेतकऱ्यांची’मधला ‘ऱ्या’सुद्धा दोन रीतींनी साठवला जातो. डोळ्यांना फरक दिसत नाही, सर्चला दिसतो. वकिलांच्या कार्यालयात ‘ॲड.’ टाकून पक्षकाराची फाइल शोधणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. असं अक्षर टाळून शब्दाचा बाकीचा भाग टाइप करणं उत्तम.

शिवाय आपली विभक्ती. ‘सभा’ शोधाल तर ‘सभेचे इतिवृत्त’ येणार नाही, ‘पाणी’ शोधाल तर ‘पाण्याची थकबाकी’ येणार नाही. शब्द बदलतो त्याच्या आधी थांबा: ‘सभ’, ‘पाण’. सर्च शब्दाच्या सुरुवातीकडून जुळवतो, त्यामुळे ‘पट्टी’ला ‘पाणीपट्टी’ सापडत नाही. नावात शोधताना शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारांकन दिलंत की मधला तुकडाही पकडला जातो. वर्षाचा आकडा देवनागरीत आणि रोमनमध्ये असा दोन्ही करून बघा.

एवढं करूनही भोपळासुर सापडलाच नसेल तर सूची दुरुस्त करायची. ‘इंडेक्सिंग ऑप्शन्स’, तिथून ‘ॲडव्हान्स्ड’, तिथं ‘रीबिल्ड’. या बटणाला लोक घाबरतात. ते फक्त सूची पुसून नवी करतं, तुमच्या एकाही फाइलला हात लावत नाही. सूची पूर्ण होईपर्यंत शोध अर्धवट येतील, तेवढा धीर धरा. त्याआधी ‘सर्व्हिसेस’मध्ये ‘विंडोज सर्च’ चालू आहे ना, तेही बघा. मशीन वेगवान करण्याच्या नावाखाली कुणीतरी ती बंद करून गेलेला असतो. आणि खालच्या पट्टीवरची सर्चची चौकट इंटरनेटशीही जोडलेली असते. ५ फेब्रुवारी २०२० रोजी जगभर विंडोज १०ची ती चौकट कोरी पडली होती. चूक मायक्रोसॉफ्टच्या बाजूची होती आणि त्यांनीच ती निस्तरली. फाइल शोधायला एक्सप्लोररमधली चौकट बरी.

नावानंच शोधायचं असेल तर व्हॉइडटूल्सचा ‘एव्हरीथिंग’ हा मोफत प्रोग्रॅम जरूर ठेवा. तो विंडोजच्या सूचीवर विसंबत नाही, डिस्कवरची फाइलींची मूळ नोंदच वाचतो, त्यामुळे डी ड्राइव्ह असो की काही असो, नाव टाइप करता करता यादी समोर येते. कार्यालयात बसवण्याआधी वरिष्ठांना विचारा, कारण नावं तो सगळीच दाखवतो.

तरीही माणूस बोलवावाच लागला, तर त्याला ‘सर्च चालत नाही’ एवढंच सांगू नका. फाइल शेवटची कधी, कोणत्या प्रोग्रॅममध्ये, कोणाच्या लॉगिननं उघडली होती, कोणत्या फॉन्टात होती आणि भोपळासुर सापडला की नाही, हे कागदावर लिहून द्या. फाइल खरंच डिलीट झाल्याचा संशय असेल तर तो येईपर्यंत त्या मशीनवर नवं काही सेव्ह करू नका आणि पेन ड्राइव्हवरून काही उतरवूही नका. पुसलेल्या फाइलच्या जागेवर नवा मजकूर बसला की ती परत मिळत नाही.