नियोजित

मराठी भाषेत ‘नियोजित’ हा शब्द मोठा मायावी आहे. ‘नियोजित वर’ अजून जावई झालेला नसतो. पण पोहे मात्र त्याला जावयाच्या मानाचे मिळतात. हाच शब्द आता जमिनीला चिकटला आहे.

यंदा गणपतीत आमचे मेहुणे एक रंगीत पत्रक घेऊन आले. ‘पनवेलजवळ, नियोजित वसाहतीला लागून भूखंड! आज लाखांत, उद्या कोटींत!’

“भाऊजी, सिडको आली तेव्हा ज्यांच्याकडे जमिनी होत्या, ते आज कुठे आहेत पाहा!” मेहुणे म्हणाले.

सौभाग्यवतींनी लगेच माझ्या भविष्यनिर्वाह निधीचा विषय काढला. “अहो, मुलीच्या शिक्षणाला उपयोगी पडेल.”

मेहुण्यांचा दाखलाच जरा नीट पाहावा. सिडको १९७० साली स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी ९५ गावांच्या जमिनी सरकारने संपादन करायचे ठरवले. रास्त मोबदल्यासाठी शेतकऱ्यांना दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झगडावे लागले. जानेवारी १९८४ मधल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली ती त्यानंतर. नकाशात जमीन आली म्हणजे मालकाचे सोने झालेच, असे नव्हे.

आणि पत्रकातला तो ‘उद्या’! नवी मुंबईच्या विमानतळाला केंद्राची तत्त्वतः मंजुरी मिळाली २००७ साली. उद्‌घाटन झाले ८ ऑक्टोबर २०२५ रोजी. मंजुरीच्या वर्षी जन्मलेले मूल तोवर मतदार झाले. मुलीचे कॉलेज एवढे थांबेल काय?

‘लागून’ हा शब्दही तसाच फसवा. विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ क्षेत्रातील नगररचना योजनांत जमिनी एकत्र करून मूळ मालकाला सुमारे ४० टक्क्यांचा भूखंड परत मिळतो. उरलेल्या जागेत रस्ते, उद्याने, शाळा वगैरे येतात. म्हणजे रस्त्याशेजारी म्हणून जागा घ्यावी आणि रस्ता आपल्याच अंगणातून जावा!

मी मेहुण्यांना चार प्रश्न लिहून दिले. सातबारावर नाव कोणाचे, आणि ‘इतर अधिकार’ या रकान्यात काय लिहिले आहे? विकास आराखड्यात या गटाला रंग कोणता? जमीन शेतीची असेल, तर १९४८ च्या कूळकायद्याने एरवी बिगरशेतकऱ्याला ती परवानगीवाचून घेता येत नाही, त्याचे काय? आणि ५०० चौरस मीटरांहून मोठ्या जागेत आठांहून अधिक भूखंड पाडले असतील, तर महारेराचा नोंदणी क्रमांक कोठे आहे?

मेहुण्यांनी विक्रेत्याला फोन केला. उत्तर आले, “साहेब, कागदपत्रेही नियोजित आहेत!”

वाचकहो, असे पत्रक या दिवाळीत तुमच्याही घरी येईल. आणणाऱ्याला फराळ द्यावा, पत्रक ठेवून घ्यावे. जन्माची पुंजी मात्र तलाठ्याचा कागद आणि आराखड्याचा नकाशा स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्यावाचून हलवू नये. ठरलेले लग्न मोडले तर अहेर परत करता येतो. दिलेला विसार परत मिळवताना चपला झिजतात.