रोलर सायलेन्सरवर फिरला, दुकानावर कधी फिरणार?

आज परत बसस्टँडच्या चौकात बुलेटच्या सायलेन्सरवर रोलर फिरवला. साहेब बाजूला उभे, मोबाईलवाले पुढे. आम्हा पत्रकारांनाही असा फोटो आयताच मिळतो, उद्या सगळीकडे छापून येईल. पण मंडळी, जिथून ते सायलेन्सर विकले गेले, त्या दुकानाचं शटर आज संध्याकाळीही उघडंच होतं. बाहेर तारेवर नवीन माल टांगलेला. ज्याचा सायलेन्सर चिरडला तो पोरगा आठ दिवसांत तिथेच जाणार. म्हणजे कारवाईने दुकानदाराचं गिऱ्हाईक वाढलं!

कायदा नाही म्हणून हे चाललंय असं कुणी सांगू नये. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १८२-अ आलं. गाडीत परवानगीशिवाय बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड. हे सगळ्यांना माहितीय. त्याच कलमात डीलरसाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे १ लाख दंड आहे, ते कुणी वाचत नाही. आणि डीलर म्हणजे फक्त शोरूमवाला नव्हे. याच कायद्याच्या व्याख्येत गाड्या दुरुस्त करणाराही डीलर आहे. मग बेंड पाईपपासून सगळं कापून ‘पंजाब’ बसवून देणारा गॅरेजवाला यातून सुटतो कसा? एकावर तरी हे कलम लावल्याचं आपल्या गावात मी ऐकलेलं नाही.

आता कमेंटमध्ये येतील, ‘भाऊ, पिकअप वाढतो.’ घंटा वाढतो. रेसिंगच्या गाडीला बेंड पाईपची लांबी, जाडी मोजून करतात, त्याबरोबर पेट्रोलचं सेटिंगही बदलतात, तेव्हा कुठे थोडा फरक पडतो. आपल्याकडे विकतात ते आतली जाळी काढलेलं पोकळ नळकांडं. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला जेट न बदलता ते लावलं की मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापतं. बीएस-६ गाडीत तर विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच काढून फेकतात. आणि तो ‘फटाका’? चालत्या गाडीची चावी बंद-चालू केली की न जळलेलं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरात जाऊन पेटतं. स्वतःच्या पैशाचं पेट्रोल नळीत जाळायचं आणि त्याला रुबाब म्हणायचं.

बुलेटशी माझं भांडण नाही. कंपनीतून येणारा तिचा आवाज मलाही आवडतो. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला कंपनीतून निघतानाच ८० डेसिबलची मर्यादा असते, तेवढ्यातही ती दमदारच वाजते. डेसिबलचा हिशेब साधा नाही, १० वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. शांतता क्षेत्राची रात्रीची मर्यादा आहे ४०. सरकारी दवाखान्यासमोर रात्री साडेअकराला फटाका फुटतो तेव्हा आत नुकतंच बाळंतपण झालेली बाई असते, ऑपरेशन झालेला माणूस असतो. त्यांच्या नातेवाईकांनी बाहेर येऊन कुणाला अडवायचं? अडवलं तर ‘तू कोण’ म्हणून अंगावर येतात.

आणि खरी गोम पुढे आहे. नेत्याचा वाढदिवस असला की याच गाड्यांची रॅली निघते. पुढे पोलिसांची गाडी, मागे पोलिसांची गाडी, मध्ये फटाके. पक्षाचं नाव घेत नाही, कारण एक घेतलं तर बाकीच्यांवर अन्याय होईल. त्या दिवशी डेसिबल मोजायचं यंत्र कुठल्या कपाटात असतं? सापडतात ते एकटे-दुकटे, कॉलेजची पोरं, ज्यांच्यासाठी फोन करणारं कुणी नाही.

वाहतूक शाखेला आणि आरटीओला जाहीर विचारतोय. पकडलेल्या प्रत्येक पोराला ‘कुठे बसवलास’ एवढा एक प्रश्न विचारून त्याचं उत्तर जबाबात घेता का? घेत असाल तर त्या उत्तराचं पुढे काय होतं? पुढच्या प्रेसनोटमध्ये सायलेन्सर किती चिरडले ते नाही लिहिलं तरी चालेल. किती दुकानांवर, किती गॅरेजवर कारवाई केली तो आकडा टाका. शून्य असला तरी टाका, मी तसाच छापतो.