जुने इंजिन : ऐब सांगा, बिल द्या

अंगणात ताडपत्रीखाली उभी असलेली वडिलांची फियाट पुन्हा रस्त्यावर आणावी, अशी हौस अलीकडे पुष्कळांना होऊ लागली आहे. त्यांत डॉक्टर आहेत, वकील आहेत, आखातात नोकरी करून परतलेलेही आहेत. सुट्टीच्या दिवशी स्वतः पाने घेऊन गाडीखाली शिरणारी ही माणसे पत्रा, रंग, सीट यांचे काम कसेबसे जमवतात. इंजिन गेलेले असेल तर मात्र त्यांना जुन्या बाजाराची पायरी चढावीच लागते. मुंबईत म्हणजे कुर्ल्याची. आमच्या कितीतरी बांधवांची रोजी या धंद्यावर चालते, म्हणून या गिऱ्हाइकाविषयी लिहिणे आम्हाला अगत्याचे वाटते.

प्रीमियर पद्मिनीचेच घ्या. १०८९ सी.सी.चे तिचे चार सिलिंडरचे इंजिन. गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात बनत असे आणि आज मोडीत निघालेले तिचे इंजिनही कुर्ल्यातच शोधावे लागते! ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेमुळे मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही बंद झाली. म्हणजे आता बाजारात जो माल आहे तेवढाच. त्यातलाही बराचसा टॅक्सीतून उतरलेला, वर्षानुवर्षे सी.एन.जी.वर पळालेला. गॅसवर चाललेल्या इंजिनाच्या व्हॉल्व्ह सीट लवकर खातात, हे प्रत्येक फिटरला ठाऊक असते. गिऱ्हाइकाला मात्र ते कोणी सांगत नाही.

आमच्या घरच्या पद्मिनीसाठी आम्ही असेच एक इंजिन घेतले होते. दुकानाचे नाव येथे देत नाही. ‘चालू गाडीतून काढलेले आहे’ एवढ्या शब्दावर आम्ही पैसे मोजले. वरून चंदेरी रंग मारलेला, दिसायला नवेकोरे. घरी आणून पाणी भरले तर ब्लॉकच्या बाजूने थेंब गळू लागले. रंग खरवडला तेव्हा खाली चीर निघाली, वरून लांबी भरून गुळगुळीत केलेली! परत नेले तर उत्तर मिळाले, ‘जुना माल आहे, जसा आहे तसा.’

हा ‘जसा आहे तसा’ आम्हाला मान्य आहे. जुन्या मालाची कोण हमी देणार? पण जसा आहे तसा दाखवला तरच तो जसा आहे तसा विकला, असे म्हणता येईल. चीर झाकून वर रंग मारला की तो माल जसा आहे तसा राहत नाही. मालातला ऐब झाकणे आपल्यात काय समजले जाते, हे वाचकांना आम्ही सांगायला नको.

गिऱ्हाइकाने मागाव्यात आणि दुकानदाराने आनंदाने द्याव्यात, अशा गोष्टी फार नाहीत. हँडल मारून इंजिन फिरते का ते पाहू द्यावे. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजू द्यावे. त्यांत फार तफावत असेल तर रिंग, व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट गेले आहे. डिपस्टिकवर तेल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. आणि चेंबर उघडून क्रँक कितव्या साईजवर आहे तेही सांगावे. शेवटच्या साईजपर्यंत ग्राइंड झालेला क्रँक पुढच्या वेळी कामाचा नाही. दर त्याप्रमाणे ठरावा.

दुसरी बाब कागदाची. इंजिनाचा नंबर गाडीच्या आर.सी.वर असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलल्याची खबर मालकाने चौदा दिवसांत आर.टी.ओ.ला द्यायची असते. नंबर घासलेले, बिल नसलेले इंजिन घेऊन तो तेथे कोणत्या तोंडाने जाणार? इंजिन चोरीच्या गाडीचे निघाले तर पोलीस त्याच्यानंतर दुकानाच्याच दारात येतात. नंबर लिहिलेले पक्के बिल दुकानदाराचीही पाठराखण करते. ‘बिल पाहिजे तर दर वेगळा’ ही भाषा आता सोडावी.

इंजिन विकूच नये, असेही एक गिऱ्हाईक असते. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी विंटेज नोंदणीचे नियम केले. त्यांत गाडी मूळ स्वरूपात असावी, इंजिनात मोठा फेरबदल नसावा, अशी अट आहे. साठीच्या दशकातली डिलाइट घेऊन कोणी आला तर त्याला दुसरे इंजिन गळ्यात मारण्यापेक्षा त्याचाच ब्लॉक स्लीव्ह घालून वाचवता येतो का, ते पाहावे. त्यात दुकानाचा नफा कमी, पण बोअरिंगवाल्या कारागिराला काम मिळते.

आमचे दुसरे इंजिन आम्ही एका वयस्कर मिस्त्रींकडून घेतले. त्यांनी आपण होऊन चेंबर उघडले आणि म्हणाले, ‘क्रँक वीसवर आहे, दोन नंबरला स्लीव्ह आहे, हेडचे काम करावे लागेल.’ दर पहिल्यापेक्षा जास्त सांगितला. आम्ही घासाघीस केली नाही. आजवर त्यांच्याकडे आम्ही आणखी तीन गिऱ्हाइके पाठवली आहेत.