नळीत राहिलेली मात्रा

गेल्या पावसाळ्यात घरातील एका वृद्ध नातलगास फुप्फुसाच्या जंतुसंसर्गामुळे बुलढाणा जिल्ह्यातील एका रुग्णालयात दाखल करावे लागले आणि पाच रात्री त्यांच्या उशाशी बसण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर आला. दिवसातून तीन वेळा १०० मिलिलिटर सलाईनच्या बाटलीत प्रतिजैविक मिसळून ते शिरेवाटे दिले जाई. ‘बाटली संपत आली की सांगा,’ एवढीच कामगिरी अशा वेळी नातेवाइकांकडे असते. बाटली रिकामी होताच नळीतून हवा जाईल या धास्तीने आम्ही चाकी फिरवून थेंब बंद करीत असू. मग परिचारिका येऊन बाटली व नळी काढून नेत आणि हातावरच्या इंट्राकॅथला टोपण लावीत. तिसऱ्या रात्री ध्यानात आले की, केराच्या बादलीत जाणारी ती नळी रिकामी नसते; ती औषधाने भरलेली असते.

अर्थशास्त्राच्या शिक्षकास टक्केवारीचा मोह आवरत नाही. सलाईनच्या साध्या संचात, थेंब पडतात ती कुपी धरून, बनावटीनुसार सुमारे १५ ते २० मिलिलिटर द्रव मावतो. १५ जरी धरले, तरी १०० मिलिलिटरच्या बाटलीतील १५ टक्के औषध रुग्णाच्या शरीरात जातच नाही. पाच दिवसांत १५ मात्रा. म्हणजे त्यांतल्या सव्वादोन मात्रा केरात. तेच औषध ५० मिलिलिटरमध्ये दिले, तर तूट ३० टक्क्यांवर जाते. ज्याला दिवसभर सलाईन चालू असते त्याचे हे नुकसान होत नाही, कारण मागून येणारा द्रव नळीतले औषध पुढे ढकलतो. नुकसान होते ते ज्याला फक्त प्रतिजैविकापुरती नळी जोडली जाते त्याचे.

ठिबकमधून विद्राव्य खत सोडणाऱ्या मोताळ्याच्या वा देऊळगाव राजाच्या शेतकऱ्यास यातले काहीच नवे वाटणार नाही. खताची टाकी संपली म्हणून तो लगेच पंप बंद करीत नाही. काही वेळ साधे पाणी सोडतो आणि नळ्यांतले खत शेवटच्या झाडापर्यंत पोहोचवतो. रुग्णालयातला उपायही नेमका हाच आहे. औषध संपले की त्याच नळीतून २०-२५ मिलिलिटर साधे सलाईन त्याच गतीने सोडायचे. गती तीच हवी, कारण नळीत अजून औषधच असते आणि काही प्रतिजैविके घाईने दिल्यास अपाय करतात. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या रुग्णांत आणि लहान मुलांत एवढ्या द्रवाचाही हिशेब डॉक्टरांना ठेवावा लागतो. तेव्हा हे नातेवाइकांनी परस्पर करण्याचे काम नव्हे.

एका डॉक्टर स्नेह्यांचे म्हणणे असे पडले की, बहुतेक मात्रा सढळ हातानेच ठरवलेल्या असतात. एवढ्याशा तुटीने काय बिघडते? साध्या आजारात कदाचित काही बिघडतही नसेल. परंतु रक्तात जंतुदोष पसरलेल्या अत्यवस्थ रुग्णाच्या बाबतीत हा विश्वास बाळगावा काय? माझा खरा आक्षेप मात्र जमाखर्चाचा आहे. केसपेपरवर पूर्ण मात्रेची नोंद असते. ताप उतरला नाही की डॉक्टर ती नोंद पाहतात, जंतू औषधाला दाद देत नाहीत असा निष्कर्ष काढतात आणि अधिक जहाल, अधिक महाग प्रतिजैविक लिहितात. त्यांचा तर्क चुकीचा नसतो. चुकीची असते ती नोंद, आणि ती तशी आहे हे कोणालाच ठाऊक नसते.

पिंपरीच्या कारखान्यात १९५५ मध्ये पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले तेव्हा प्रश्न औषध मिळण्याचा होता. त्याच्या दहा वर्षे आधी, १९४५ च्या डिसेंबरात, नोबेल व्याख्यानात अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी इशारा दिला होता की, अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंविरुद्ध केंद्र सरकारने २०१७ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. या विषयावरील सार्वजनिक चर्चेचा सारा भर औषध अकारण देऊ नये यावर असतो, आणि तो योग्यच आहे. पण जे सकारण लिहिले ते पूर्ण पोहोचले की नाही, हे कोण पाहणार?

परिचारिकांना दोष देणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. रात्रपाळीला अख्खा कक्ष सांभाळणाऱ्या बाईंकडून, कोणी लेखी न सांगितलेले काम त्या आपणहून करतील, अशी अपेक्षा कशी धरावी? लेखी पद्धत आणि प्रशिक्षण असेल तर काय साधते, याचे उदाहरण विदर्भातच आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बालकांची तपासणी करण्यास, जंतुदोष ओळखण्यास, जेंटामायसिनचे इंजेक्शन देण्यास आणि नोंदी ठेवण्यास शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेच्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. ती इंजेक्शने स्नायूत दिलेली होती, तेथे नळीचा प्रश्न नव्हता. पण गावातल्या बाईला जे शिकवता आले, ते तालुक्याच्या रुग्णालयात प्रशिक्षित परिचारिकेस शिकवणे अवघड कसे असेल? केसपेपरवर मात्रेपुढे ‘नळी धुतली’ एवढा एक रकाना वाढवला, तरी पुष्कळ साधेल.

राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. म्हणजे तेथे केरात जाणारे औषध करदात्याच्या पैशाचे असते. वाचवण्यासाठी लागणारे सलाईन त्यापुढे किरकोळ आहे. पण किरकोळ वस्तूसुद्धा कोणाच्या तरी मागणीपत्रात असावी लागते. चौथ्या रात्री मी संकोचत परिचारिकेकडे विषय काढला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, डॉक्टरांना विचारून आल्या आणि म्हणाल्या, ‘‘सर, करू की. पण कक्षाला एका मात्रेमागे एकच बाटली मिळते. दुसरी तुम्हाला बाहेरून आणावी लागेल.’’ रात्रीचे अकरा वाजले होते. मी मेडिकलच्या दुकानाकडे निघालो.