मिसिसिपीच्या काठाने सायकलवर

अमेरिका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे बर्फ आणि उंच इमारती उभ्या राहतात. पण त्या देशाच्या दक्षिण टोकाला लुइझियाना नावाचे राज्य आहे. तिथे बर्फ क्वचितच. तिथे ऊस, भात, डास आणि अंगाला चिकटून बसणारी हवा. आमचा पुतण्या टेक्सासमध्ये नोकरीला आहे. मे अखेरीस रजा काढून तो एका मित्राबरोबर त्या मुलखातून सायकलने गेला. पश्चिमेच्या सॅन दिएगोपासून पूर्वेच्या सेंट ऑगस्टीनपर्यंत सुमारे 5,000 किलोमीटरचा सायकलवाल्यांचा एक ठरलेला मार्ग आहे, त्यातला हा तुकडा. जाणते लोक तो मार्चमध्ये नाहीतर पावसाळी उकाडा सरल्यावर धरतात. पण नोकरदाराची रजा ऋतू पाहून थोडीच मिळते!

त्यातल्या एका दिवसाची हकिकत त्याने सविस्तर लिहून कळवली आहे.

तांबडे फुटताना सिम्सपोर्ट गाव सोडले. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना पिशव्या, वर तंबू, पंक्चरचे सामान आणि पाण्याच्या चार बाटल्या. गावाला लागूनच अचाफलाया नदीचा पूल. ही नदी म्हणजे मिसिसिपीला समुद्राकडे जायला सापडलेली जवळची वाट. अंतर जवळपास निम्मे. नदी ती, जवळची वाट सोडील कशाला? सगळी मिसिसिपी इकडेच वळली असती आणि खालची बंदरे, कारखाने कोरडे पडले असते. म्हणून 1963 मध्ये वरच्या अंगाला दरवाजे बांधून पाण्याची वाटणी ठरवली: 30 टक्के इकडे, 70 टक्के तिकडे. भावाभावांची वाटणी टिकत नाही, तिथे नदीची किती टिकेल, असे तिथले काही जाणकारही म्हणतात.

पुढे रस्त्याच्या कडेने मातीचे उंच बांध आणि बांधाआड ऊस. आपल्या वाचकांना यात गोडी वाटेल म्हणून जरा थांबतो. तिथे हिवाळ्यात कडाका पडतो, त्यामुळे ऊस जेमतेम नऊ महिने वाढतो. लागण ऑगस्ट-सप्टेंबरात, तोडणी साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, सगळी यंत्राने. एका लागणीवर दोन-तीन खोडवे घेतात. सरी सहा फुटांची, आणि ऊस सरीत नव्हे, उंच वरंब्यावर. कारण वर्षाला दीड हजार मिलिमीटर पाऊस. आपण पाण्याच्या पाळीसाठी रात्र जागवतो. तिथला शेतकरी शेतातले पाणी बाहेर कसे काढायचे या काळजीत असतो.

मॉर्गांझाजवळ रस्ता थेट पुराच्या दरवाज्यांवरूनच जातो. एकूण 125 दरवाजे. ते 1973 आणि 2011 मध्ये उघडावे लागले. उघडले की खालची शेते पाण्याखाली. खालची शहरे वाचावीत म्हणून ही सोय. त्या रानावर पाणी सोडण्याचा हक्क सरकारने आधीच विकत घेऊन ठेवला आहे. तरी उभे पीक बुडताना पाहणाऱ्याचे काय होत असेल ते आपण जाणतोच.

अकरा वाजले. पारा 32 वर. मित्र नागपूरचा, 45 अंशांत वाढलेला गडी; त्याला 32 म्हणजे थट्टाच. पण नागपूरचा उन्हाळा कोरडा. तिथे घाम येतो आणि वाळतो, वाळताना अंग गार करतो. इथे हवाच पाण्याने भरलेली, घाम वाळायचे नाव घेत नाही, नुसता निथळतो. 32 अंश आणि 65 टक्के दमटपणा म्हणजे अंगाला 39 अंशांसारखा ताप. शिवाय घामावाटे मीठ जाते, आणि मित्र सकाळपासून नुसते पाणी पीत होता. पुतण्याच्या बाटल्यांत मात्र लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ होते, जुलाबाला आपण देतो तेच.

न्यू रोड्सच्या अलीकडे मित्राची सायकल डुलू लागली. डोके ठणकते म्हणाला, मग मळमळ, आणि त्या उन्हात अंगावर काटा! पुतण्याने त्याला पिकॅनच्या झाडाखाली आडवे केले, पाय उंच ठेवले, सदरा भिजवून वारा घातला. समोरच्या घरातून एक वयस्कर बाई बर्फ आणि ओले पंचे घेऊन धावत आली. काखेत, मानेवर पंचे ठेवले. त्याला नाव, गाव विचारीत राहिली. बोलणे भरकटले तर क्षणभर न थांबता रुग्णवाहिका बोलवायची, असे तिने बजावले. बोलणे भरकटले नाही. मीठ-साखरेचे पाणी घोट घोट पोटात गेले आणि तासाभराने तो उठून बसला.

बाईंच्या ओसरीवर मग चार वाजेपर्यंत मुक्काम. त्यांच्या घरचाच ऊस. आमच्याकडे आडसाली ऊस अठरा महिने उभा असतो म्हटल्यावर त्या चकित झाल्या. एवढे दिवस धीर धरता तरी कसा, म्हणाल्या. पुतण्याने कारखान्याच्या टोळीची वाट पाहण्याचीही गोष्ट सांगितली, तेव्हा दोघे पोटभर हसले.

ऊन उतरल्यावर पुन्हा निघाले. मिसिसिपीवरचा पूल 2011 चा, उंच, पोलादी दोरांनी तोललेला. आधी इथे तर चालायची. पुलाच्या माथ्यावर दिवसातला पहिला गार वारा लागला. पलीकडे सेंट फ्रान्सिसव्हिल, टेकडीवरचे गाव. दिवसभराचे 80 किलोमीटर भरले. तंबू ठोकण्यापूर्वी नागपूरकराने दुकानातून मिठाचा पुडा आणला आणि गजर चारचा लावला.